तात्यांचा पळणारा मीटर

“म्याडम, ह्यो मीटर काढा, न्हायतर मी हिरीत टाकतो!”

तात्या पाइपवर पाय रोवून उभे होते. मागे त्यांची काकडी. निम्मी हिरवीगार, निम्मी माना टाकलेली.

मी फ्लो मीटरच्या कंपनीत इंजिनिअर. पाइपमधून किती पाणी गेलं ते मोजणं हे आमचं काम. शेळगावच्या पाणीवापर संस्थेत आम्ही शेताशेताला मीटर बसवले होते. पाळीला ठरलेलं पाणी मोजून झालं की ऑपरेटर ते पुढच्या शेताला वळवतो. तात्यांचं पाणी लवकरच ‘मोजून’ व्हायचं आणि शेवटच्या सऱ्या कोरड्या. त्यात काकडीचा तोडा तोंडावर आलेला.

“मीटर बदलून दिला,” संस्थेचे चेअरमन आबा म्हणाले. “जुना दुसऱ्याच्या शेतात शाण्यासारखा चालतोय. तात्याकडंच पळतोय.”

“म्हंजी येडा मी व्हय?”

“आरं, मीटरचं बोलतोय मी!”

आमच्या मीटरमध्ये एक छोटं चाक असतं. पाणी त्याला ढकलतं, ते फिरतं आणि फेऱ्यांवरून लिटर कळतात. पाणी एकसारखं वाहिलं तर हिशोब चोख. धक्के खात वाहिलं तर चाक गडबडतं. पुण्याच्या ऑफिसातून सरांचा फोन आला, “आधी मॉडेल कर.” म्हणजे पाइप, पंप, चाक यांचं गणित लॅपटॉपवर मांडायचं, प्रवाह कमीजास्त करायचा आणि मीटर काय दाखवेल ते बघायचं. मी पंपाचे धक्के घातले. व्होल्टेज पाडलं, चढवलं. फरक आला तो इतका किरकोळ, की त्यात एक वेलही सुकला नसता.

“सर, जमत नाहीये.”

“इनपुट चेक कर.”

सरांना झोपेतून उठवलं तरी ते हेच म्हणतील.

वैतागून मी तात्यांच्या पाळीला मीटरशेजारीच बसकण मारली. पाणी सुटलं. मीटर छान चालला होता. तात्यांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं आणि फाटकन कॉक बंद केला. उघडला. पुन्हा बंद.

“तात्या, हे काय चाललंय?”

“चेक करतुय. पानी बंद केल्यावर बी फिरतुय का, बघाय नगं? आन् बघा, फिरतुयच! चोर हाय चोर!”

फिरणारच की! कॉक मीटरच्या अलीकडे आणि पाइप शेताकडे उतरता. कॉक बंद केला की पाणी पुढे निघून जातं, पाइपमध्ये हवा शिरते आणि चाक बटण बंद केलेल्या पंख्यासारखं गरगरत राहतं. उघडला की आधी ती हवा सुसाट सुटते. चाकाला हवा काय नि पाणी काय, ते सगळं पाणी म्हणूनच मोजतं.

“रोज असंच करता?”

“मग! पयल्या पाळीला जरा पळाला. तवापास्नं जास्त चेक करतुय.”

मी कपाळावर हात मारला. तात्यांची उघडझाप मॉडेलमध्ये घातली, आणि आकडा मीटरच्या पार जवळ आला. मी आनंदानं ओरडलेच. तात्या स्क्रीनवर वाकले.

“ह्यात मी कुठं हाय?”

“ही रेघ. ती पडते ना, तिथं तुम्ही कॉक बंद केलाय.”

रेघ किती वेळा पडली ते त्यांनी बोट ठेवून मोजलं. “लई चेक केलं की ओ मी,” ते म्हणाले.

पुढच्या पाळीला त्यांनी कॉकला हात लावला नाही. शेवटच्या सरीपर्यंत पाणी गेलं आणि काकडी सावरली. माझ्याकडे पिशवीभर पोचलीही.

मग एक दिवस आबांचा फोन. “म्याडम, आता माजा मीटर पळाय लागला. दोडका वाळतोय माजा!”

“आबा, तात्या कुठं आहेत?”

“हितंच हायत की. मीटर कसा पळतो ते समद्यांना कॉक उघडझाप करून दाखवत्यात. लई चांगलं समजावत्यात बगा.”

मी सरांना मेसेज टाकला : इनपुट सापडलाय, पण तो आता दुसऱ्या शेतात गेलाय.