किसनच्या कोळशाच्या रेघा

चार माणसांदेखत मी माझ्या मित्राला खोटं पाडलं. चूक माझी होती, आणि तो असेपर्यंत मी ती कबूल केली नाही. महिन्यापूर्वी सोनाळ्याहून निरोप आला, किसन गेला. मी वर्गावर होतो. निरोप ऐकूनही तास पुरा केला... तेवढीच माझी हिंमत.

आम्ही दोघं सोनाळ्याचे, एका बाकावरचे. मी वऱ्हाड सोडून मध्यप्रांतात, नागपूरला कॉलेजात गेलो. विज्ञान शिकून शेगावला मास्तर झालो. किसन तिथंच स्टेशनाजवळच्या पावाच्या भट्टीत लागला. शेतकऱ्याच्या पोरानं पाव भाजणं तेव्हा कमीपणाचं. गावी गेला की त्याचं ताट वेगळं मांडत. तो हसून म्हणे, बरंच आहे, वाढणाऱ्याच्या ध्यानात तरी राहतो.

पाव फुगवणारं खमीर रोज नव्यानं लावण्याऐवजी त्यानं एक युक्ती काढली. श्रावणात पिंडीवर टांगतात तशी गळती त्यानं खमिराच्या घड्यावर टांगली. बटाट्याचं गूळ घातलेलं पाणी थेंब थेंब आत पडे आणि तेवढंच खमीर तोटीतून बाहेर येई. "पिंडीवर लावली तं पाऊस येते म्हन्तात. म्या खमिरावर लावली, पाव येते," असं तो सांगायचा.

पण खमीर एकसारखं येईना. काही वेळ दाट, फसफसतं; काही तासांनी पाण्यासारखं; मग पुन्हा दाट. पाव कधी फुगे, कधी बसे. किसन घाबरला नाही. दाट झालं की तो भिंतीवर कोळशानं लांब रेघ ओढी, पातळ झालं की आखूड. भिंत भरत गेली तशी त्याला त्यात एक चाल दिसू लागली. दाटपणाची वेळ साधून पीठ मळलं तर पाव बिघडणार नाही, असं त्यानं मालकांना सांगितलं. मालकांनी खात्रीसाठी मला बोलावलं, शिकलेला म्हणून.

मी घड्याकडे दोन मिनिटं पाहिलं. रेघांकडे पाहिलंच नाही. थेंब सारखा पडतो, तर वाढही सारखीच हवी, असं सगळ्यांना समजावलं. फार तर उन्हाचा फरक, म्हणालो. किसन म्हणाला, "उनानं व्हते म्हनशीन तं वेळ रोज सरकून राह्यली, मास्तर. थांब ना बे दोन दिवस, पाह्य डोयानं."

मला शाळा होती. शिवाय चारचौघांत त्यानं मला बे म्हटलेलं लागलं होतं. मी म्हणालो, "खमीर आपोआप खालीवर होत नसतं, किसन. गळतीवर तुझाच हात हलतो, थेंब तूच कमीजास्त करतोस."

आठवड्यानं मालकांनी त्याला काढलं. नंतर कुठल्याच भट्टीनं त्याला खमिराला हात लावू दिला नाही. तो सोनाळ्याला परतला. मी गावी गेलो की त्याची गल्ली टाळून मागच्या वाटेनं घरी जात असे. अशी किती वर्षं गेली...

निरोपानंतर सोनाळ्याला गेलो. किसनच्या बायकोनं, वहिनींनी, मागच्या पडवीत नेलं. तिथं घडा, वर गळती. किसन गेल्यावरही वहिनींनी पाणी चालू ठेवलं होतं. बंद करायला त्यांचा हात धजत नव्हता. मी दोन दिवस तिथंच बसून राहिलो. घड्याला कोणी शिवलं नाही. खमीर दाट झालं, पातळ झालं, पुन्हा दाट झालं. दुसऱ्या दिवशी वेळ सरकली होती, तो म्हणाला होता तशीच. असं का होतं, ते मला आजही सांगता येत नाही. त्याला फक्त दोन दिवस हवे होते माझे.

मी वहिनींपुढं हात जोडले. त्यांनी पदरानं घडा पुसला आणि म्हणाल्या, "मले काऊन सांगता, भाऊजी? माह्यापाशी थोडी बोलले होते तुमी? जिथं बोलले तिथं सांगा."

परवा भट्टीत गेलो. मालक तेच, कामगारही बरेचसे तेच. भिंतीला मधे चुना दिला होता. पण धगीनं त्याचे पोपडे निघालेत आणि खालून किसनच्या रेघा दिसतात. लांब, आखूड, लांब... पीठ मळणारे हात थांबले होते. मी भिंतीवर तळवा टेकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "किसनचा हात हलत नव्हता. मी न पाहताच बोललो. किसन, मला माफ कर."