सुनेच्या कार्डावरची आगबोट

माझ्या सासूबाई जुगार खेळतात, असं मी एकदा बँकेत सहज बोलून गेले आणि पुढचे दोन दिवस सगळे माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते. चूक माझीच, मी पूर्ण सांगितलं नव्हतं. पूर्ण सांगायचं तर आयुष्यात मी ज्या थोड्या माणसांना मनापासून मानते, त्यांत सासूबाईंचा नंबर फार वरचा आहे. आणि तो तिथे गेला तो एका जहाजावरच्या कॅसिनोमुळे.

आम्ही बहरैनला, मनामात राहतो. मी बँकेत, नवरा सित्राच्या तेल रिफायनरीत शिफ्टमध्ये, मुलगी आठवीत. सासरे गेल्यावर आई, म्हणजे सासूबाई, कायमच्याच आमच्याकडे आल्या. इथलं त्यांना काही अडत नाही. सूकमधल्या, म्हणजे इथल्या बाजारातल्या, भाजीवाल्याशी त्या चक्क मराठीत घासाघीस करतात, तो त्याच्या बंगाली हिंदीत उत्तरं देतो आणि शेवटी "खलास, अम्मा" म्हणून कोथिंबिरीची जुडी वर टाकतो. मी गेले की मला मात्र पूर्ण भाव.

दर हिवाळ्यात इथल्या बंदरात मोठी प्रवासी जहाजं लागतात. आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून नवऱ्याने त्यातल्या एका जहाजाची आठवड्याची सफर ठरवली. दोहा, अबुधाबी, दुबई करून परत बहरैन. मुलगी आनंदाने नाचली. आई मात्र तिकिटांकडे बघत म्हणाल्या, "ताईला न्यायला हवं होतं."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, आमची मावशी. दोघींचं माहेर श्रीवर्धनच्या बाजूला, समुद्राला लागून. त्या लहान असताना मुंबईची आगबोट लांबून जायची आणि दोघी बहिणी वाळूवर धावत जाऊन वडिलांचा पंचा फडकवायच्या. बोटीवरून कधी कुणी हात केला नाही. धाकटी, म्हणजे आमच्या आई, रुसून बसायची. म्हणायची, त्यांना दिसतं, पण मुद्दाम करत नाहीत. थोरली तिची समजूत घालायची, "नाही गं, एवढ्या लांबून आपण दिसतच नसू. दिसलो असतो तर कुणीतरी केलाच असता हात." वडील म्हणायचे, एकदा नेईन तुम्हाला आगबोटीने. पण नेलं ते एसटीनेच. पुढे आगबोटही बंद पडली. मावशी लग्न होऊन तिथेच शेजारच्या गावात राहिल्या आणि आता अठ्ठ्याहत्तरच्या झाल्या तरी बोटीत पाय ठेवलेला नाही. ही गोष्ट आईंच्या मनात इतकी रुतून बसली असेल, हे मला तिकिटं हातात असताना पहिल्यांदा कळलं.

बहरैनमध्ये जुगाराला बंदी. जहाजावरही बंदरात असेपर्यंत कॅसिनोला कुलूपच असतं, जमीन चांगली मागे पडली की मगच दारं उघडतात. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा घोरत होता, मुलगी पोहायला गेली होती. आम्ही दोघी "बघून तर येऊ" म्हणून आत शिरलो. काउंटरवरच्या हसतमुख फिलिपिनो बाईने आम्हाला एकेक कार्ड दिलं, वेटोळ्या दोरीला अडकवलेलं. ते मशीनमध्ये खुपसायचं आणि खेळायचं. जितकं खेळाल तितके गुण तुमच्या कार्डावर जमा. हराल की जिंकाल याच्याशी गुणांना देणंघेणं नाही. थोडे गुण झाले की कॉफी फुकट, आणखी झाले की भेटवस्तू, आणि भरपूर झाले तर पुढच्या हिवाळ्यात दोघांची केबिन फुकट.

मी हे सगळं मराठीत सांगत होते. शेवटच्या वाक्याला आईंनी माझा हात धरला.

"दोघांची?"

"हो, पण त्याला खूप खेळावं लागतं, आई."

"खूप म्हणजे किती ते विचार तिला."

आकडा ऐकून मी हसले. त्या हसल्या नाहीत. पर्समधून चष्मा काढून त्यांनी लावला.

त्यांनी स्वतःला दोन नियम घालून घेतले. लेकाने खरेदीसाठी दिलेले दिनार, तेवढेच खेळायचे, वर एक फिल्स नाही. आणि जुगाराचा पैसा घराचा उंबरठा ओलांडून आत येता कामा नये. पहिला नियम मला कळला. दुसऱ्याचं काय करायचं ते मला कळलं नाही, कारण अर्ध्या तासात निम्मे दिनार गेलेच होते. तेव्हा त्यांनी आपलं कार्ड ओढून काढलं आणि माझ्यापुढे हात केला.

"तुझं दे गं. घरात लक्ष्मी येते ती सुनेच्या पावलांनी. माझ्या हाताला कधी यश नव्हतं."

मी माझं कार्ड दिलं. पाचेक मिनिटं गेली असतील. मशीन एकदम किंचाळायला लागलं, वरचा दिवा गरागरा फिरायला लागला. आई उठून उभ्याच राहिल्या. "बंद कर, बंद कर! मी काहीतरी मोडलं!" मोडलं काही नव्हतं. त्या जिंकल्या होत्या, आणि चांगलंच घसघशीत.

संध्याकाळी नवऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, "आई, यल्ला, चल, दुबईत उतरलो की गळ्यातलं घेऊ तुला."

"जुगाराचं गळ्यात घालू? शुद्धीवर आहेस ना?"

आणि मग दुसऱ्या नियमाचा अर्थ मला कळला. पैसा घरी न्यायचा नाही म्हणजे तो इथेच संपवायचा. गुण म्हणजे काही पैसा नव्हे, ते न्यायला हरकत नाही. पुढचे दिवस, कॅसिनो उघडा असेल तेव्हा, जिंकलेला सगळा पैसा त्यांनी माझंच कार्ड लावून परत त्याच मशीनमध्ये घातला. पण कसा! गावाकडे दळण टाकतात तसा, मूठ मूठ. सगळ्यात छोटा डाव, सावकाश, मध्येच थोडं परत यायचं तेही पुन्हा आत. मी बँकेतली बाई, माझे हात शिवशिवत होते. उठा, काढून घ्या, घरी जाऊ, असं शंभरदा ओठावर आलं. त्यांच्या बाजूला बसून कितीजण भराभर बटणं दाबून, चरफडत उठून गेले. आईंच्या चेहऱ्यावर हाव नव्हती की भीती नव्हती. त्या खुर्चीत बसून त्या नोकरी केल्यासारखं काम करत होत्या. त्या बाईंचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं, अजूनही वाटतं.

फुकटची कॉफी त्यांनी घेतली, पण दुसऱ्या दिवशी फिलिपिनो बाईला डिंकाचे दोन लाडू नेऊन दिले. कुणाचं घ्यायचं आणि रिकामा हात दाखवायचा, हे त्यांना जमणारं नाही. ती बाई "मामा, मामा" करत त्यांच्या मागे फिरायची. गुणांवर एक भलामोठा लालभडक टॉवेल मिळाला. त्याच्याकडे बघून आई म्हणाल्या, "हा कुणी वापरायचा? बैल बुजेल." तरी नीट घडी करून बॅगेत ठेवला.

शेवटच्या दुपारी किनारा जवळ येत चालला होता आणि थोडे गुण कमी पडत होते. मशीनमधली शिल्लकही तळाला गेली होती. मी पलीकडे उभी राहून चक्क रामरक्षा म्हणत होते. जुगारासाठी रामरक्षा! शिल्लक शून्यावर आली तेव्हा आकडा गाठून वर दोन गुण जास्त झाले होते. आईंनी पदराला हात पुसले. "आला तसा गेला," म्हणाल्या, "आता ताईला फोन लाव."

मावशींनी फोनवर आधी विश्वास ठेवला नाही. मग विचारलं, "बोटीवर भात मिळतो का?" त्या दिवसापासून दोघींचं रोज बोलणं. काय नेसायचं, पोटात ढवळलं तर काय करायचं, सोबत आवळासुपारी किती घ्यायची.

दोन महिन्यांनी जहाजकंपनीचं पत्र आलं. ते माझ्या ईमेलवर आलं, माझ्या नावाने. मी ऑफिसात होते. अभिनंदन, तुमच्यासाठी आणि तुमच्या आवडीच्या एका सोबत्यासाठी केबिन फुकट, आणि खाली बारीक अक्षरात, सवलत फक्त कार्डधारकाला, नावात बदल होणार नाही.

मी दिवसभर लोकांना बजावत असते, आपलं कार्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नका. त्याचाच पगार घेते. पण आमच्या घरात कार्ड कुणाचं, हा प्रश्न कधी उठलाच नव्हता. हायपरमार्केटचं नवऱ्याचं कार्ड सगळे वापरतात, मुलीच्या बसच्या कार्डावर आई फिरून येतात. एकाचं ते सगळ्यांचं. आईंनी सुनेच्या हाताचं यश मागितलं, मी दिलं, आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, की जहाजाच्या लेखी ते सगळे दिवस त्या खुर्चीत मीच बसले होते.

मी कंपनीला तीन वेळा फोन केला. विनवण्या केल्या, भांडले, शेवटी आवाजही चढवला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता आणि हलत नव्हता. कार्ड ज्याचं, गुण त्याचे. मॅडम, तुम्ही या ना, सोबत कुणालाही आणा.

घरी आले तेव्हा आई कोलंबी सोलत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "मग तू ने तिला."

मला रडूच फुटलं. म्हटलं, आई, तुमचं तिकीट आपण विकत काढू. नवराही तेच म्हणाला. पण ती केबिन दोघांपुरतीच. एकट्या माणसाला वेगळी खोली म्हणजे दुप्पट भाडं. शिवाय सवलतीची तारीख कंपनीने ठरवलेली, आणि नेमकी त्याच आठवड्यात नातीची परीक्षा, आणि लेकाची शिफ्ट. आईंनी हे सगळं माझ्याआधीच मनात मांडलेलं होतं.

"रडतेस काय? माझ्या कार्डावर काय होतं, राख? तुझं लावलं म्हणून तर आलं." आणि पुन्हा कोलंबीला लागल्या. "आणि दोघी बोटीवर गेलो तर काठावर कोण राहील?"

ते त्या माझी समजूत घालायला म्हणाल्या असं मला वाटलं.

हिवाळ्यात मावशी आल्या. विमानाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "त्यात काय, ढग." पण आई येणार नाहीत हे कळल्यावर मात्र अडून बसल्या. मग मीही नाही जात. आईंनी त्यांना असं काही फैलावर घेतलं, की मी स्वयंपाकघरात सरकले. "त्या खुर्चीत बसून बसून माझी पाठ मोडली ती कशाला? मला त्या बोटीवर काय बघायचं राहिलंय? तू जायचंस! इंशाल्ला म्हण आणि बॅग भर!" थोरलीला धाकटीने असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मावशींनी बॅग भरली.

जहाज दुपारी चारला सुटलं. मावशी डेकवर कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, मी त्यांना मागून धरलेलं. बंदर हळूहळू मागे सरकू लागलं. जहाज किनाऱ्याला धरून चाललं होतं, क्रेन गेल्या, गोदामं गेली, मग नुसती वाळूची पट्टी आली. तेवढ्यात माझा फोन वाजला. नवऱ्याचा होता. "आईला देतो."

मी फोन मावशींच्या कानाला लावला आणि तेव्हाच मला ते दिसलं. वाळूच्या पट्टीवर आमची पांढरी गाडी, आणि तिच्यापुढे पाण्याच्या अगदी कडेला लालभडक काहीतरी वरखाली होत होतं. तो टॉवेल. सत्तरीच्या बाई दोन्ही हातांनी तो डोक्यावर धरून फडकवत होत्या.

"दिसतेय का गं?" फोनमधून त्यांचा धापा टाकणारा आवाज मलाही ऐकू आला.

मावशी कठडा घट्ट धरून नुसत्या बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "दिसतेस. अगदी स्पष्ट दिसतेस. तुझंच खरं होतं गं. तेव्हाही दिसत होतो आपण."

"ते जाऊ दे," आई तिकडून ओरडल्या. "तू हात कर आधी!"

मावशींनी कठडा सोडला आणि दोन्ही हात वर केले.