मामीची जाहिरात

गुडघ्यासाठी एकदा मोबाइलवर तेल शोधलं, तर पुढे महिनाभर जिकडे बघावं तिकडे गुडघेच. भावाच्या नातीचे फोटो बघायला जावं, तर मध्येच कुणीतरी मलम घेऊन हजर. माझं डोकंच फिरलं. निदान आपल्या गावाच्या ग्रुपवर तरी ही कटकट नको, असं मी ठरवून टाकलं. ग्रुप मीच काढलेला, ॲडमिनही मीच. जाहिरात टाकणाऱ्याला काढून टाकण्यात येईल, असा फतवा काढला आणि कामाला लागले.

प्लॉटवाला गेला, क्लासवाला गेला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक चिकटवणारे दोघे गेले. त्यांचं मला आजही काही वाटत नाही. अंबाजोगाईच्या रस्त्यावर गाडा लावणारे फळवाले चाचा रोज सकाळी “आज पपई लई गोड हाय” म्हणून सांगायचे, तेही उडवलं. मग मामीचा आवाज आला.

मामी म्हणजे नवऱ्यासोबत मेंढरं घेऊन फिरणारी बाई. सगळं गाव तिला मामीच म्हणतं. कापूस वेचून रानं मोकळी झाली की ती दोघं आमच्या शिवारात येतात. मेंढरं दोन-चार दिवस रानात बसवली की त्यांच्या लेंड्यांचं खत होतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावतात आणि पायली-दोन पायली ज्वारी देतात. मामीला लिहिता येत नाही, म्हणून ती बोलूनच पाठवते. “आमी नाल्यापाशी आलोत. मेंढरं बसवायचेत का कुणाला? औंदा कोकरं लई हायत, लांब चालवत न्हाई...”

पुढचं ऐकलंच नाही. नियम म्हणजे नियम. संदेश उडवला आणि मामीलाही काढलं. ओळखीचं माणूस असूनही अपवाद केला नाही, याचं मला मनातून कौतुकही वाटलं.

ग्रुप अगदी स्वच्छ झाला. इतका, की त्यावर चिटपाखरू फिरकेना. मी सुविचार टाकले, कोडी टाकली, एकदा उगाच पाण्याच्या टाकीचा फोटोही टाकला. कुणी बघेना. मोठमोठ्या कंपन्यांचं जाहिरातीवाचून चालत नाही म्हणे. पण त्यांना पगार द्यायचे असतात. माझ्या फुकटच्या ग्रुपला काय धाड भरली होती?

शेवटी चाचांच्या गाड्यावर पपई घेता घेता विचारलं. चाचा हसले.

“बाई, मामीच न्हाई तर काय बघायचं? धर्मापुरीकडून येताना तिला कुणाची लेक भेटती, कुणाच्या विहिरीला पानी हाय, सगळं तीच सांगती. पयले मेंढरांचं, मग गावाचं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तिथंच बसलेत अजून, नाल्यापाशी. आल्याचं कुणाला कळलंच न्हाई. चाऱ्यावाचून दोन कोकरं गेली म्हनं.”

पपई गाड्यावरच राहिली. मी तशीच नाल्याकडे निघाले.

मामी एका अशक्त कोकराला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होती. मला बघून धडपडत उठली. “बाई, माझं काय चुकलं वो? काई वंगाळ बोलले का मी?”

एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. म्हटलं, तुझं नाही, माझं चुकलं. आताच्या आता माझ्या रानात चला.

आली बिचारी. आठ दिवस राहिली. मी रानात गेले की दर वेळी माझ्या गुडघ्याची चौकशी करायची, आणि वर मलाच रागवायची की उन्हात कशाला येता. राग म्हणून तिच्या मनात नव्हताच. ती निघायच्या दिवशी मी तिला ग्रुपवर परत घेतलं. पाच मिनिटांत हात जोडल्याच्या खुणांनी पडदा भरला. कुणी विचारलं, मामी कुठं होती? कुणी विचारलं, माझी लेक भेटली का?

“बोल मामी, सगळे वाट बघतायत,” मी म्हणाले.

तिनं फोन तोंडाजवळ नेला. माझ्याकडे बघितलं. मग हळूच फोन माझ्या हातात दिला.

“तुमीच सांगा, बाई. मी बोलले की परत चुकंल.”

एवढी बोलकी बाई मी गप्प केली होती. मला तिथेच रडू आलं.