वहिनीच्या अँटीबॉडीज

आमची वहिनी म्हणजे गरीब गाय, असं सगळे म्हणायचे. मला ते कौतुक कधीच पटलं नाही. गाईला कधी कोणी काही विचारतं का? पण होती खरी शांत. दादाच्या बेकरीत मागे भट्टी, पुढे काउंटर. काउंटरवर मी, दादाची बिनलग्नाची बहीण, आणि मधल्या खोलीत ओट्याशी उभी राहून केकवर क्रीमनं नावं काढणारी वहिनी. अक्षर असं देखणं की गिऱ्हाइकाला सुरी लावायचं जिवावर यायचं.

त्या वर्षी तिला कसली भिंगरी लागली कोण जाणे. एका जागी पाय ठरेना. भट्टीकडे, काउंटरकडे, परत ओट्याकडे, मधेच उगाच जिना चढून वर. आम्ही थंडीनं कुडकुडत असायचो आणि ही खिडक्या उघडत सुटायची. माझ्या दुप्पट जेवायची, तरी अंगावरचे कपडे सैल होत चालले. झोप उडाली. डोळे असे वटारलेले की शेजारीण मला हळूच विचारायची, काय गं, भांडलात का? आणि हात! क्रीमची पिशवी धरली की अक्षरं लटपटायची. एका चिमुरडीच्या नावाची वेलांटी तर केकच्या कडेवरून घसरत पार पुठ्ठ्यावर गेली.

दादाचं डोकं अशा वेळी बरोबर चालतं. त्याच्या पोरीची शाळा नुकतीच संपली होती. दुसऱ्या गावच्या कॉलेजात इंजिनियरिंगला जागा मिळाली होती, महिनाअखेरीच्या आत जाऊन प्रवेश पक्का करायचा होता. पण पोरीचं अक्षर आईवर गेलेलं. दादा म्हणाला, आता आईचा हात गेला, पिशवी पोरीनं धरायची, कॉलेज काय पळून जातंय? वहिनीनं हातातला केकचा ट्रे जमिनीवर आपटला. माझी पोर या ओट्याला बांधायची नाही, असं ओरडली, ते रस्त्यावर ऐकू गेलं. दोघं कडाक्याचं भांडली. खरं सांगू, मला बरं वाटलं. दादा चिडला, म्हणजे निदान त्याच्या कानात तरी शिरलं.

त्याच आठवड्यात तिची छाती इतकी धडधडायला लागली की मी तिला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, गळा चाचपला. हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, तर तो फडफडायला लागला. पहिल्या रक्तात निघालं, थायरॉईड बेसुमार काम करतंय. पण का करतंय ते त्यावरून कळेना. बाई म्हणाल्या, ग्रंथीला सूज येऊन आतलं साठलेलं हार्मोन गळत असेल तर ते आपोआप थांबेल. नाहीतर शरीरच अशा अँटीबॉडीज तयार करतंय ज्या त्या ग्रंथीला सारख्या डिवचतात, कोणी दाराची बेल दाबून धरावी तशा. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आणखी रक्त द्या. ते बाहेरगावच्या लॅबला गेलं. ते दिवस कसे काढले आमचं आम्हाला माहीत. वहिनी येरझाऱ्या घालायची आणि मी कॅलेंडरकडे बघायची.

अँटीबॉडीज निघाल्या. रिपोर्ट ऐकायला दादाही आला. बाईंनी सगळं नीट समजावलं. गोळ्या वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतील, मधूनमधून रक्त तपासू, धडधडीची गोळी वेगळी, आराम पडेल. चिडचिडही याच्यामुळे होते, असंही म्हणाल्या. एवढ्या सगळ्यातून दादानं नेमकं तेवढंच उचललं. वहिनीनं एकच विचारलं.

"गोळ्या घेतल्यावर मला राग येईल ना?"

बाई म्हणाल्या, "राग येण्यासारखं असेल, तर येईल."

घरी आल्यावर दादा लोण्यासारखा मऊ झाला. आधी भांडायचा तरी! आता वहिनी काहीही म्हणाली की हो हो, तू पड जरा. नातेवाइकांना फोनवर सांगायचा, तिचं बोलणं मनावर घेऊ नका, अँटीबॉडीज आहेत. भाजीत मीठ कमी आहे म्हणाली तरी अँटीबॉडीज. पोरीच्या कॉलेजचं काढलं तर विचारायलाच नको. आणि पोर मुकाट्यानं ओट्याशी उभी राहून पिशवी धरायला शिकत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण दादासमोर तोंड उघडायची मला जन्मात सवय नव्हती.

महिना संपत आला. वहिनीनं जेवताना दादाला शांतपणे सांगितलं, "हात आजारानं थरथरतात. पण बोलतेय मी." दादानं मान डोलावली आणि गोळी घेतलीस का, असं विचारलं.

ती ताटावरून उठली आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"वन्सं, तुम्ही बोला. तुमचं रक्त चांगलं आहे."

हातातला घास मी ताटात ठेवला. आणि बोलले. वहिनीचेच शब्द बोलले, पोर ओट्याला बांधायची नाही. नावं मी काढीन, वाकडी तर वाकडी. पोरीला उद्या जाऊ दिलं नाहीस तर काउंटरवर दुसरं माणूस बघ. आवाज चिरकत होता, तरी थांबले नाही.

दादानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "तूही एकदा रक्त तपासून घे."

"घेते. पण पोर उद्या जाते."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं पोरीला बसमधे बसवलं. दादा भट्टीपाशीच थांबला, पण आडवा आला नाही. मी काढलेल्या पहिल्या नावाकडे बघून गिऱ्हाईक हसलं. हसू दे मेलं.

आणि मी लॅबमधे जाऊन रक्त दिलं. हट्टानं दिलं, सगळ्या तपासण्या करा म्हटलं, त्या अँटीबॉडीजचीही. रिपोर्ट आला. थायरॉईड उत्तम, अँटीबॉडीज नाहीत. लॅबच्या पायरीवर बसून मी तो दोनदा वाचला आणि मला रडू फुटलं. ते सगळं मीच बोलले होते.