रुसव्यातला प्लेअर

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, मी भर लग्नात सगळ्या गावासमोर हात जोडायला लावले. हे लिहितानासुद्धा मला गुदगुल्या होतात. पण पडदा असा एकदम वर केला तर मजा जाते, म्हणून आधी कपाट दाखवतो.

कपाट माझ्या घरातलं, सिरसाळ्याचं. लोखंडी, दोन दारांचं आणि आत गच्च भरलेल्या सिनेमाच्या डिस्का. सगळ्या ओरिजिनल, बरं का. परळीतली एक व्हिडिओ लायब्ररी बंद पडायला निघाली तेव्हा मी तिच्या दारात ठिय्या देऊन बसलो होतो, वारसाहक्क असल्यासारखा. मारधाडीचे, रडारडीचे, भुतांचे, आणि एक अख्खा खण तमाशाच्या सिनेमांचा. बायकोला त्या कपाटात साड्या ठेवायच्या होत्या. ती म्हणाली, "अवो, ह्या तबकड्या बघता तरी का कधी? नुसतं कपाट उघडता, वास घेता अन् लावून टाकता."

खरंच होतं. बघणार कशावर? डिस्का माझ्याकडे आणि प्लेअर दाजींच्या घरी, धर्मापुरीला. बहिणीच्या लग्नापासून.

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरदेव रुसतो. ताट वाढलेलं असतं आणि तो घास उचलत नाही. मग सासरची माणसं विचारतात, काय पाहिजे? तो घड्याळ मागतो नाहीतर अंगठी, सगळे हसतात, पंगत सुरू होते. लटका राग असतो तो. दाजी मात्र खरोखर बसले. वडिलांनी घड्याळ पुढे केलं, त्यांनी मान हलवली. वडिलांनी सायकल देतो म्हटलं, तरी मान हलवली. शेवटी बोट माझ्या खोलीकडे.

"तो सिनेमाचा डबा पायजे. मेव्हण्याचा."

तो डबा मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात राबून घेतला होता. वडिलांना ते माहीत होतं. म्हणून ते वाकले, उपरणं सावरलं आणि जावयासमोर हात जोडले. म्हणाले, "दुसरं काय बी मागा, मालक." शूटिंगवाल्याचा प्रखर दिवा थेट त्यांच्या तोंडावर. आख्खी पंगत हात थांबवून बघत होती. दाजी छताकडे बघत राहिले. मग वडील माझ्याकडे वळले. मी उठलो आणि प्लेअर खांद्यावर घालून आणला. दाजींनी एका हाताने डब्यावर थाप मारली आणि दुसऱ्या हाताने जिलबी उचलली.

डबा दिला. रिमोट दिला नाही.

रिमोट त्याच दिवशी ज्वारीच्या कणगीत गेला. "पाव्हणं, ह्याचा रिमोट कुटं हाय?" असं दाजी दर दिवाळीला विचारायचे आणि मी दर दिवाळीला चेहरा पाडून म्हणायचो, "सापडंना बगा, दाजी." गाणं पुढे ढकलायचं तर उठ, आवाज कमी करायचा तर उठ. बहीण माहेरी आली की मला हळूच सांगायची, ते किती बारी उठले. ती माझी दिवाळी. दाजी जाताना एखादी डिस्क काखेत मारायचे, "बगून देतो." जावयाकडून वस्तू परत मागायची नसते. वडील गेले, डिस्काही गेल्या.

तर कपाटातल्या उरलेल्या डिस्का विकायला काढल्या. मोबाईलवर फोटो टाकले आणि गिऱ्हाइकं आली, कुठून कुठून. कोल्हापूर, नागपूर, एक तर थेट रत्नागिरीचा. माल खपणार होता, पण टपालखर्च सांगितला की लोक गप्प व्हायचे. मग मी डोकं चालवलं. वजन सगळं त्या प्लास्टिकच्या डब्यांचं. डबे काढून टाकले, डिस्क कागदी पाकिटात, तिचं छापील कव्हर घडी करून सोबत. डिस्क वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी जुन्या लग्नपत्रिका. आमच्या भागातली लग्नपत्रिका पाटीसारखी जाड असते आणि तिच्यावर पुढाऱ्यांचे इतके फोटो असतात की नवरानवरी शोधावी लागते. एवढ्या पुढाऱ्यांच्या बंदोबस्तात डिस्क कुठेही सुखरूप जाते. पाकीट हलकं झालं, टपाल स्वस्त झालं, गिऱ्हाइकं खूश झाली.

फक्त सगळ्यांचा एकच प्रश्न: "डिस्क चालते का? चालवून व्हिडिओ पाठवा."

झालं. पुन्हा प्लेअर.

मी धर्मापुरीला गेलो. बैठकीत टीव्हीखाली माझा प्लेअर, वर विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकचा मोर. म्हटलं, "दाजी, आठवडाभर द्या. परत आणून देतो."

दाजींनी पानाचा तोबरा सरकवला. "रुसव्यातली वस्तू घराभायेर काढत न्हाईत, पाव्हणं. तुमच्या वडलांनी हात जोडून दिलीय ती."

हसत म्हणाले हो! मी चहा अर्धा ठेवून उठलो. गाडीला किक मारतोय तर भाची मागून आली. तिचं लग्न ठरलं होतं, दारात तिच्या पत्रिकांचे गठ्ठे पडले होते.

"मामा, मला मांडवात कोन घेऊन येनार?"

"मीच की. दुसरं कोन?"

"अन् मामाच रुसला तर?"

मी गाडी बंद केली. एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं आणि या पोरीला सुचलं! तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोळा मारला.

मांडव दाजींच्या दारातच होता. लग्नाच्या दिवशी दाजी काय दिसत होते! गुलाबी फेटा, पांढरा कडक सदरा, आणि पुढाऱ्यांना खुर्च्या देता देता मानेवर घाम. नवरा बोहल्यावर उभा, अक्षता वाटून झालेल्या. लाउडस्पीकरवर पुकारा झाला, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन लवकर मांडवात यावं, ही विनंती!"

नवरीचे मामा नवरीच्या खोलीच्या दारात खाट आडवी टाकून बसले होते. हाताची घडी, नजर छताकडे.

दुसरा पुकारा झाला. तिसरा झाला. मग दाजी धावत आले. "पाव्हणं, कावून बसलात? मुहूर्त चाललाय!"

"रुसलोय."

"मामा कुटं रुसत असतो का?"

"पाव्हण्याला हक्क असतो, दाजी. तुमीच शिकवलंय."

त्यांनी खिशातून अंगठी काढली. मी मान हलवली. कोटाचं कापड आणवलं. मान हलवली. दाजी चिडले, "काय बे, तमाशा लावलाय का?" मागून एक म्हातारी ओरडली, "मागंल ते दिऊन टाक की रं बाबा! ऊन उतरायलंय!" तेवढ्यात लाउडस्पीकरवाल्याला कुणीतरी खबर पोचवली आणि त्या भल्या माणसाने जाहीर करून टाकलं, "नवरीचे मामा रुसले आहेत असं समजतं. मंडळींनी बसून घ्यावं." सगळा मांडव हसला. पुढाऱ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या.

मी बोट बैठकीकडे केलं. "तो डबा पायजे."

दाजींचा चेहरा त्यांच्या फेट्याच्या रंगाचा झाला. "दुसरं काय बी मागा."

हेच ते शब्द. एक 'मालक' सोडला तर शब्द न् शब्द तेच. मी काही बोलणार तोच बहीण पुढे आली. आजपर्यंत ती नवऱ्याला चारचौघांत एक शब्द उलट बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "नुसतं म्हणून भागत नसतं. हात जोडा. माझ्या बापानं जोडले व्हते."

कुणीच हसलं नाही. दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि जोडले. दोन्ही हात, छातीशी. मी मनातल्या मनात शूटिंगवाल्याचा दिवा त्यांच्या तोंडावर पाडला आणि सावकाश, चवीने बघून घेतलं.

"आता आणा," मी म्हटलं. "गडी पाठवू नका. मी सोता आनला व्हता."

ते स्वतः गेले. मांडवातून, पुढाऱ्यांसमोरून, प्लेअर खांद्यावर घेऊन आले. फेटा कलला होता आणि वरचा मोर वाटेत पडला होता. मी एका हाताने डब्यावर थाप मारली. दुसऱ्या हातात भाचीने जिलबी ठेवली. ती तिने सकाळपासून रुमालात गुंडाळून ठेवली होती. अशी गोड जिलबी मी जन्मात खाल्ली नाही. मग पोरीला घेऊन मी मांडवात गेलो, आणि सगळ्यात जोरात अक्षता मीच टाकल्या.

घरी आल्यावर कणगीतून रिमोट उकरला, नवे सेल घातले, बटण दाबलं. चालला! एकेक डिस्क लावली, गिऱ्हाइकांना व्हिडिओ धाडले, पाकिटं रवाना केली. कपाटात आता साड्या आहेत.

एक डिस्क तेवढी विकली नाही, बहिणीच्या लग्नाची. बायकोला बाजाराला पाठवून ती एकट्याने लावली. वडील वाकतात, उपरणं सावरतात, आणि माझ्याकडे वळून बघतात. तिथे मी रिमोटने थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा बघितलं.

मग दुकानातून तिची एक कॉपी काढून घेतली. ती भाचीच्याच दोन लग्नपत्रिकांमध्ये नीट बसवली, सगळ्यात स्वस्त साध्या टपालाचं तिकीट लावलं आणि पत्ता लिहिला: धर्मापुरी.

काही दिवसांनी फोन आला. आवाज पडलेला. "पाव्हणं, लग्नाची शीडी आली. पन बगू कशावर?"

"या की सिरसाळ्याला," मी म्हटलं. "खुर्ची टाकून ठेवतो. अन् उठायचं काम न्हाई, दाजी. रिमोट सापडलाय. म्हणाल तितक्या बारी मागं घेऊन दाखवतो."