वादळ्यानं नोकरी धरली

नऊ वर्षं आम्ही ज्याच्या गोष्टीत जीव टाकला, त्याचा शेवट इतका भिकार झाला की आजही आठवण निघाली तर माझं डोकं तडकतं. राग कुणावर काढायचा हेही मला नीट माहीत आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

तो म्हणजे वादळ्या. हैदराबादहून आमच्याकडे लोहाऱ्याला टपालानं एक उर्दू मासिक यायचं. त्यात दर महिन्याला त्याच्या गोष्टीचा एक हप्ता छापलेला असे. मासिकात त्याचं नाव हातभर लांब होतं. ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आमच्या गल्लीनं त्याचा वादळ्या करून टाकला. तोंडाला काळा रुमाल, अंगाला तलवार लागत नाही, एका ढांगेत नदी ओलांडतो, आणि सात कोसांवर कुणी 'धावा' म्हटलं तरी त्याला ऐकू येतं. उन्हाळ्यात रस्त्यावर वावटळ उठली की आम्ही पोरं बाजूला सरायचो. त्याला जायला वाट हवी ना!

ही गोष्ट अप्पा, म्हणजे माझे वडील, वाचून दाखवत. आम्ही लिंगायत. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. पण अप्पांची सगळी शाळा निजामाच्या राजवटीत झालेली, म्हणजे उर्दूतून. त्याच जोरावर ते कचेरीत मुन्शी होते. त्यांचं अक्षर असं सुरेख, की अर्ज त्यांच्याच हातचा हवा म्हणून माणसं दुपारभर ताटकळत बसत, असं आई सांगायची. मग संस्थान विलीन झालं, हळूहळू कचेरीचा कारभार मराठीत आला, आणि ते सुरेख अक्षर कुणाच्या कामाचं राहिलं नाही. अप्पा मराठी बोलत ते चारचौघांसारखं. पण बाळबोध लिहायला बसले की एकेक अक्षर कोरत बसायचे, कपाळाला घाम यायचा. मराठीची परीक्षा त्यांनी दोनदा दिली आणि दोन्ही वेळा नापास झाले. मग त्यांना जुन्या कागदांचे बस्ते बांधायच्या कामाला लावलं. ते काही त्यांना सोसलं नाही. एक दिवस घरी आले ते आलेच, आणि दोडप्पांच्या भुसार दुकानात ज्वारी मापायला बसले. दोडप्पा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ.

दुकानात त्यांना कुणी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. पण दोडप्पा गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, "आमच्या मुन्शीला सांगा, मापून देतो तो." गिऱ्हाईक हसायचं. अप्पाही हसायचे. ते हसणं मला कधी बघवलं नाही.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दुकान बंद असे. ती दुपार मात्र अप्पांची. दुकानाच्या ओट्यावर घोंगडी टाकली जाई. गल्लीच्या टोकाला घोंगड्या विणणारा म्हातारा धनगर सगळ्यांत आधी येऊन बसायचा. मग एकेक करून बाकीची गल्ली. शेजारच्या मणेराच्या घरातून, म्हणजे बांगड्या विकणाऱ्यांच्या घरातून, मायलेकी यायच्या आणि आमच्या आईजवळ दाराआड बसायच्या. अप्पा टोपी सारखी करत, मासिक उघडत आणि पहिली ओळ मोठ्या आवाजात उर्दूतून वाचत. कळो न कळो, त्या आवाजानं सगळे चिडीचूप. मग ओळीवरून बोट उजवीकडून डावीकडे सरकवत ते मराठीत सांगू लागत.

सांगायचे तरी कसे! वादळ्यानं ढोकीच्या स्टेशनात छोटी गाडी एका हातानं धरून ठेवली, कारण डब्यात सावकाराची माणसं एका विधवेची म्हैस पळवून नेत होती. सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेत हरवलेलं पोर त्यानं गर्दीवरून उडी मारून आईच्या मांडीत आणून ठेवलं. हैदराबादच्या लेखकाला ढोकीचं स्टेशन कसं ठाऊक, हा प्रश्न नऊ वर्षांत एकालाही पडला नाही. वादळ्या काय, कुठंही जाऊ शकत होता. आणि मासिकातली जेमतेम आठ पानं महिन्याच्या चार दुपारी कशी काय पुरत होती, हेही कुणी विचारलं नाही.

अप्पा थांबले की म्हातारा धनगर हात जोडून म्हणायचा, "मुन्शीजी, मग फुडं?" दोडप्पांचाच तो शब्द, पण धनगराच्या तोंडून निघाला की अप्पा ताठ बसायचे. आठवड्यातली ती एक दुपार त्यांना जगवत होती. हे मला तेव्हा समजत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. समजत होतं.

मी मराठी शाळेत जात होते. पुढं काय होतं हे आठ-आठ दिवस कळू नये, हे मला सहन होत नसे. मासिक आलं की अप्पा ते देवाच्या कोनाड्याशेजारी ठेवत, आणि मी त्याच्याकडे नुसती बघत बसे. शेवटी मी मणेराच्या मुलीला गाठलं. ती माझ्याच वयाची. शाळेत जात नव्हती, पण घरी उर्दू वाचायला शिकली होती. आमचा सौदा ठरला. मी तिला बाळबोध शिकवायची, तिनं मला उर्दू. त्यांच्या परसात राखेवर बोटानं अक्षरं काढत वर्षभरात मी अडखळत का होईना, वाचायला लागले. गावातली जाणती माणसं ती लिपी टाकून देत होती आणि मी ती शिकत होते. फार अभिमान वाटायचा मला स्वतःचा.

मग एक दिवस घरात कुणी नाही असं बघून मी मासिक काढलं आणि वादळ्याचा हप्ता वाचला. पहिली सहा पानं कुणा नवाबाच्या मुलीच्या उसाशांनी भरली होती. वादळ्या आला सातव्या पानावर, तोही घोड्यावर बसून, आणि दोन वाक्यं बोलून गेला. गाडी नाही, म्हैस नाही, ढोकी नाही. मला वाटलं, मला वाचता येत नाही. पुन्हा वाचलं. तेच.

मी तडक मणेराच्या मुलीकडे गेले. ती हसली.

"मला तर लई दिवसांपास्नं ठावं हाय," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"कशाला? चाचा लई चांगलं सांगतेत. ह्या किताबात तर काय दम न्हाय."

तिला जे उमगलं होतं ते मला उमगायला हवं होतं. मी गप्प राहिलेही, तीन-चार महिने. उलट आता मी जास्तच कान देऊन ऐकू लागले. छापलेलं कुठं संपतं आणि अप्पांचं कुठं सुरू होतं ते ओळखायचा मला नादच लागला. अप्पांचं दरवेळी सरस निघे.

त्याच सुमारास माझी सातवी झाली. पुढच्या शाळेसाठी उमरग्याला जावं लागलं असतं. दोडप्पा म्हणाले, पोरीला लई शिकवून काय करायचंय. मला वाटलं, अप्पा काहीतरी बोलतील. शिकून वाया गेलेला माणूस शिक्षणाच्या बाजूनं नाहीतर कोण बोलणार? अप्पा खाली मान घालून म्हणाले, "दादा म्हंतेत तसं." झालं. माझी शाळा संपली. सात कोसांवरची हाक ऐकणाऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला तीन हातांवरची माझी हाक ऐकू आली नाही.

त्यानंतरच्या दुपारी वादळ्या नळदुर्गाच्या किल्ल्याच्या दारात उभा होता. आत दुष्ट सरदारानं सात गावची माणसं साखळदंडात बांधून ठेवलेली. अप्पांनी आवाज खाली आणला. वादळ्यानं दाराला खांदा लावला. एकदा. दोनदा. म्हाताऱ्या धनगराचा श्वास अडकलेला. तिसऱ्या धक्क्याला दार कोसळलं आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"अप्पा, तिथं तसं लिव्हलेलं न्हाय," मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मणेराच्या मुलीनं दाराआडून माझा पदर ओढला. मी तिचा हात झटकला आणि ओट्यावर गेले.

"दार फोडलं न्हाय त्यानं. सरदाराची माफी मागितली. सातव्या पानावर हाय." आणि मी अप्पांच्या मांडीवरचं मासिक घेऊन ती ओळ सगळ्यांसमोर वाचली. अडखळत, पण वाचली.

आधी अप्पांचा चेहरा फुलला. खरंच फुलला. "कुठं शिकलीस गं?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. आपली लेक आपलं अक्षर वाचते, एवढंच त्यांना त्या क्षणी दिसलं होतं. मग त्यांची नजर ओट्यावरच्या माणसांकडे गेली, आणि तो चेहरा माझ्यादेखत विझला. धनगर उगाच घोंगडीची दशी ओढत बसला. अप्पांनी माझ्या हातातून मासिक घेतलं, पान सरळ केलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. माफी मागितली."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. माझं तसंच झालं. पुढच्या आठवड्यापासून अप्पा छापलं होतं तेवढंच सांगू लागले. एक वाक्य उर्दूतून, मग त्याचं मराठी. त्यात आवाजाचा चढउतार नाही, ढोकी नाही, सोनारी नाही. पूर्वी चार दुपारी पुरणारा हप्ता आता अर्ध्या दुपारात संपे आणि माणसं तशीच बसून राहत, आणखी काही असेल म्हणून. दुर्दैव असं की गोष्टीचे शेवटचे तीनच हप्ते उरले होते. त्यांतल्या पहिल्या हप्त्यात कळलं, की वादळ्याच्या अंगात जे बळ होतं ते कुणा हकिमाच्या औषधाचं होतं आणि औषध संपत आलं होतं. दुसऱ्यात ते संपलं. तिसऱ्या हप्त्यात सरदाराला पश्चात्ताप झाला, नवाबाच्या मुलीशी वादळ्याचं लग्न लागलं आणि नवाबानं त्याला खजिन्यावर नोकरी दिली. काळा रुमाल त्यानं घडी करून बायकोच्या हातात दिला. समाप्त.

"नोकरी?" म्हातारा धनगर म्हणाला. "नऊ वर्सं आमी हितं बसलो, आन् ह्यानं नोकरी धरली?"

"तसं लिव्हलंय," अप्पा म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं, तेल गेलं तूप गेलं हाती धुपाटणं आलं म्हणालं. नवाबाला, लेखकाला, हकिमाला शिव्या दिल्या गेल्या. अप्पांना कुणी बोललं नाही. मलाही नाही. उठताना धनगर माझ्याजवळ थांबला. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून तो सगळं मोठ्यानं बोले, पण ते वाक्य हळू बोलला.

"छापलेलं काय, ते कुनीबी वाचतंय, बाई," तो म्हणाला. "आमी मुन्शीजीचं ऐकाय येत हुतो."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. कदाचित सगळ्यांनाच. एकट्या मला ते उघडं करून दाखवायचं होतं.

मासिकात पुढच्या महिन्यापासून दुसरी गोष्ट सुरू झाली. अप्पांनी ती उघडूनही पाहिली नाही, आणि वर्ष संपल्यावर मासिक बंद केलं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानातच पोती शिवत बसू लागले. दोडप्पा म्हणाले, बरं झालं, पोराटकी संपली. धनगर ओट्यावरून जाताना रामराम करायचा, पण 'मुन्शीजी' कधी म्हणाला नाही. आता मुन्शी म्हणायचे ते फक्त दोडप्पा, गिऱ्हाइकासमोर. मी अप्पांची माफी मागायला हवी होती. आज मागू, उद्या मागू करत माझं लग्न झालं आणि मी सासरी गेले. माझा राग तोवर विरला होता, लाज विरली नव्हती.

अप्पा शेवटचे आजारी पडले तेव्हा मी महिनाभर माहेरी राहिले. मऊ भात भरवायचा, अंग पुसायचं, पाठीला तेल लावायचं. बोलणं फार होत नसे. एका सकाळी त्यांना बरं वाटत होतं. उशीला टेकून बसले होते, चेहराही निवळलेला. मला वाटलं, आता विचारावं.

"अप्पा, नळदुर्गाचं दार फोडून वादळ्या आत गेला. तुमच्या मनात फुडं काय हुतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, सुरू करतील. ओठ हललेही.

"मासिकात हाय की," ते म्हणाले.

"ते न्हाय. तुमचं."

"माझं कुठलं," अप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, जुन्या कचेरीतल्या माणसाची नरमाई होती. "तुला वाचाय येतंय की गं. वाच, आन् मलाबी सांग."