खांद्यावर राहिलेला हात

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बाकी काही नाही. ओळखत असतात तर आत्ताही मी "थांबा हं, चहा टाकते" म्हणून उठले असते.

आधी एक सांगून टाकते. मी काळी आहे. सावळी नाही, निमगोरी नाही, गव्हाळ तर नाहीच — हे सगळे शब्द आईने माझ्यासाठी स्थळं बघताना वापरून पाहिले. पन्नाशी उलटली आता, त्याचं रडगाणं गायला मी बसलेली नाही. पण तुम्हाला हे माहीत असलेलं बरं.

माझी धाकटी बहीण मीनल मात्र गोरीपान. मला बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी आई तिला सकाळीच चिंचवडला मावशीकडे पिटाळायची. "मीनू, मावशीला लोणचं देऊन ये गं." इतकं लोणचं मावशीने जन्मात खाल्लं नसेल! उघड कुणी काही बोलायचं नाही. मीनलही मुकाट्याने बरणी घेऊन निघायची. मी आतल्या खोलीत निऱ्या काढता काढता ऐकायचे आणि मला सगळं समजायचं. शेजारी कोण उभं आहे यावर आपला रंग ठरतो — हे मी तिथे शिकले. टीव्हीवर तेव्हा क्रीमच्या जाहिराती लागायच्या. काळी मुलगी गोरी व्हायची आणि तिला नोकरी मिळायची, नवरा मिळायचा, झालंच तर विमानही चालवायला मिळायचं. मीही त्या ट्यूबा शेवटपर्यंत पिळून संपवल्या. नोकरी मिळाली, नवरा मिळाला. रंग होता तोच राहिला.

अचोल मला इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला भेटली. मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट, ती वॉर्डात नर्स. लहानपणी आई-वडिलांबरोबर दक्षिण सुदानहून आलेली. उंच, ताठ, आणि रंग असा की माझ्यासारखीनेही एकदा वळून बघावं. एकदा शिफ्ट संपल्यावर आम्ही दोघी केमिस्टकडे गेलो. मला फाउंडेशन घ्यायचं होतं. गोऱ्या रंगापासून बाटल्यांची रांग सुरू झाली, आणि माझ्या रंगाच्या अलीकडेच संपली. अचोल म्हणाली, "तू निदान रांगेच्या जवळपास तरी आहेस. मला तर दुसऱ्या दुकानात जाऊन उभं राहावं लागेल." आम्ही दोघी तिथे खो-खो हसत सुटलो. मैत्री झाली ती त्या दिवशी. खरी मैत्री होती — पुढचं ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही, तरी खरी होती.

कोविडच्या आदल्या वर्षीची दिवाळी. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला मी तिला घेऊन गेले. माझी मोरपिशी पैठणी तिला नेसवली, ब्लाउज तेवढा सिडनीतल्या पेंडल हिलच्या भारतीय दुकानातून आणला. हॉलमध्ये आधी माझा फोटो निघाला तो मंडळातल्या दोन गोऱ्या बायकांच्या मधे. कसा आला असेल? करपलेल्या पोळीसारखा. मग अचोल आली, माझ्या खांद्यावर हात टाकला, आणि मी सेल्फी काढायला फोन वर धरला. सहज म्हणून तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

फोनवर जिथे बोट ठेवाल, त्या जागेला पुरेल एवढा उजेड तो फोटोत आणतो. अचोलच्या चेहऱ्यावर ठेवलं की अख्खा फोटो उजळतो. तिचं कपाळ, गालाची हाडं, डोळे, सगळं स्वच्छ दिसायला लागतं. आणि शेजारचं माणूस? शेजारचं माणूस गोरं दिसतं.

तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. आईचा लगेच मेसेज — "तिथलं पाणी मानवलं हो तुला. किती उजळलीस!"

काय सांगू तुम्हाला. बाईमाणूस मोठी होते, दोन पोरांची आई होते, परदेशात घर घेते, आणि आईच्या तेवढ्या एका वाक्यावर तरंगत राहते! आईने मला कधी सुंदर म्हटलं नव्हतं. हुशार म्हणायची, कामसू म्हणायची. उजळलीस — हे पहिल्यांदा.

त्यानंतर मी ते मुद्दाम करायला लागले. हो, मुद्दाम. वॉर्डाची ख्रिसमस पार्टी, कुणाचा वाढदिवस, समुद्रावरचा बार्बेक्यू — मी अचोलला हाताला धरून शेजारी ओढायचे आणि बोट तिच्या चेहऱ्यावर ठेवायचे. दहा जणांत मी तिला हुडकायचे. ती नसली तर मी फोटोच काढायचे नाही. लोणच्याची बरणी देऊन मीनलला जिने घराबाहेर काढलं, तिच्याहून मी वेगळी होते का? आईने गोरीला लांब पाठवलं, मी काळीला जवळ ओढलं. हिशेब तोच.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघी मास्क लावून समुद्राकाठी वॉकला जायचो. लांबवर पोर्ट केम्ब्लाच्या कारखान्यांच्या चिमण्या, वाऱ्याने डोळ्यांत वाळू. एकदा आर्वोची, म्हणजे दुपारनंतरची वेळ, चालता चालता ती थांबली आणि म्हणाली, "तुला एक सांगू? मला आयुष्यभर फोटोत कडेला उभं केलंय. शाळेत, लग्नात, सगळीकडे. लोक स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवतात आणि माझे नुसते दात येतात. तू एकटी आहेस जी माझ्या चेहऱ्यावर ठेवते. ग्रेसला मी तेच दाखवते, बघ, तुझी आई अशी दिसते."

ग्रेस म्हणजे तिची मुलगी, तेव्हा तेरा-चौदाची.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अगं, त्यात काय." मास्क होता म्हणून बरं. थुत् माझ्या जिनगानीवर.

पुढच्या वर्षी, पुण्यात दुसरी लाट आली आणि आई गेली. विमानं बंद. आईचं सगळं मी फोनवर बघितलं, इथल्या आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये कोपऱ्यात बसून. त्यावर मी काही बोलणार नाही. पण चार दिवसांनी मीनलने व्हिडिओ कॉलवर आईची खोली दाखवली — पलंग, औषधांचा डबा, आणि पलंगासमोरच्या भिंतीवर माझा फोटो. दिवाळीतला. आईने प्रिंट काढून घेतली होती, फ्रेम केली होती. मी एकटीच होते त्यात. अचोलला कापून टाकलं होतं. कात्रीने, सरळ. खांद्यावर तिचा हात तेवढा राहिला होता, कारण तो कापला तर माझा खांदा गेला असता.

मीनल म्हणाली, "आई म्हणाली, आपली पोर काय छान दिसतेय, ती दुसरी कशाला भिंतीवर." मीनलच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. ती रडत होती. मीही रडत होते. आईचा राग यायला हवा होता ना? नाही आला. तिने शेवटचं दीड वर्ष रोज सकाळी उठून मला बघितलं, आणि मी तिला छान दिसले. त्या सुखात अचोल कापली गेली हे मला दिसत होतं, आणि तरी मला सुख वाटत होतं. हे सांगायला फार जड जातंय.

दुसऱ्या दिवशी अचोल जेवणाचा डबा घेऊन आली. मला जवळ घेतलं. मग मला बोलतं करायला म्हणून विचारलं, "आईने आपला दिवाळीचा फोटो बघितला होता का गं?"

मी म्हणाले, "भिंतीवर लावला होता."

खोटं नव्हतं. पण ती थबकली. "आपला? मी पण? भारतात, तुझ्या आईच्या घरात, भिंतीवर?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान हलवली. फक्त मान. एवढंच लागतं, तुम्हाला माहितीये?

मग इथला मोठा लॉकडाऊन आला आणि शाळा घरात शिरली. ग्रेस कॅमेरा लावेना. लावला तर फिल्टर लावून — नाक बारीक, रंग दोन-चार छटांनी फिका. शिक्षिकांनी समजावलं, अचोलने समजावलं, ओरडली, रडली. वर्गातली पोरं स्क्रीनवर आपापल्या चौकटीत, आणि त्यात आपण एक काळा चौकोन दिसतो, असं पोरीचं म्हणणं. मला ते न सांगता कळलं. शेवटी अचोलने तिला सांगितलं — भारतात एक म्हातारी होती, तिने तुझ्या आईला कधी बघितलंही नव्हतं, पण तिला तुझ्या आईचा चेहरा इतका आवडला की पलंगासमोर लावून ठेवला, मरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ग्रेसने फिल्टर काढला. अचोलने मला फोन करून सांगितलं, आनंदाने तिला धड बोलता येत नव्हतं. तेव्हा सांगायला हवं होतं का? की त्याआधी? की आता सांगून त्या पोरीचा कॅमेरा बंद करायचा? मी हे प्रश्न स्वतःला विचारते तेव्हा मला बरं वाटतं, आणि म्हणूनच मी ते विचारते, हेही मला ठाऊक आहे.

विमानं सुरू झाली. आईचा फ्लॅट विकायचा होता म्हणून मी पुण्याला गेले. निघताना ग्रेस म्हणाली, "आँटी, त्या भिंतीचा फोटो काढून आणाल?"

आणला मी. काय केलं सांगते. कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून पूर्ण फोटोची मोठी प्रिंट काढली, फ्रेम करून घेतली. आईने लावलेला फोटो उतरवला, त्याच खिळ्याला नवा अडकवला. पुसला, सरळ केला, पलंगाची चादर नीट केली, दोन पावलं मागे गेले आणि फोटो काढला. मीनल दारात उभी होती. लोणच्याची बरणी घेऊन निघताना जशी दिसायची तशी दिसत होती. कापलेला फोटो मी सोसायटीच्या कचऱ्यात टाकला. आईने केलेली शेवटची फ्रेम.

वॉलॉंगॉंगला परत आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. ग्रेसने भिंतीचा तो फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "चला, आपण तिघी एक काढू." फोन तिनेच धरला. आणि प्रेमाने, निव्वळ प्रेमाने म्हणाली, "आज आँटीच्या चेहऱ्यावर बोट ठेवते. नेहमी तुम्हीच मम्मीवर ठेवता." ठेवलं. त्या फोटोत मी आले — जशी आहे तशी, काळी, थकलेली, डोळ्यांखाली वर्तुळं. अचोल अंधारात गेली, नुसते दात. ग्रेसही तशीच.

अचोल हसली. "नको गं बाई, आँटीलाच काढू दे."

मी फोन घेतला आणि तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. फोटो छान आला. घरी येऊन मी तो घरच्या ग्रुपवर टाकला.